उभ्या गाडीचं तेल

तेल कमी नव्हतं. उलट जास्त होतं.

मी इंजिनातलं तेल मोजायची डीपस्टिक फडक्याला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा वर काढली. वरच्या खुणेच्याही बोटभर वर तेल चढलेलं. दोन बोटांत धरून चोळलं, तर पाण्यासारखं सुटलं. नाकाशी नेलं. डिझेलचा वास आला.

"कमी झालंय का?" अलकानं विचारलं. ती जीपच्या मडगार्डला धरून उभी होती.

"वाढलंय."

"मग बरंच की."

"बरं कसं? ताकात पाणी घातल्यावर ताकबी वाढतं. पण त्याची कढी होती का?"

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तिनं घराच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "हळू बोला भाऊ. आत ऐकू जातंय."

त्या सकाळी ती म्हसवडला माझ्या गॅरेजवर आली होती. पुण्यात दुसऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढून मी नुकताच गावाकडं परतलो होतो. वडलांच्या माघारी बंद पडलेलं गॅरेज झाडून उघडलं होतं. ती म्हणाली, "जीपचा तेलाचा लाल दिवा विझंना झालाय. सासरे म्हणत्यात, टॅपेट वाजाय लागल्यात, मुलाण्याच्या पोराला घिऊन ये."

सिदूतात्या वीरकरांचं नाव मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या भागात वडापाची पहिली जीप त्यांची. माणसं, कोंबड्या, शेळ्या, नवऱ्या मुली, बाळंतिणी, सगळं त्या जीपनं वाहिलं. लकवा झाला, तात्या बाजेवर पडले आणि गाडी मुलाच्या, दिगूच्या हातात गेली, एवढं मी ऐकून होतो.

ती यष्टीनं पुढं निघाली. मी हत्यारांची पेटी, सुटे भाग आणि तेलाचा डबा मोटरसायकलला बांधून मागनं आलो. फाट्यावर भेट झाली. तिथून वस्तीपर्यंत कच्ची वाट. मी मोटरसायकल हातात धरून तिच्यामागं चाललो. घर दिसायला लागलं तशी ती एका बोरीखाली थांबली. पदराची गाठ सोडली. गाठीत टिकल्यांचं पाकीट होतं आणि काळी पोत. पोत गळ्यात घातली, टिकली कपाळाला लावली आणि काही झालंच नाही अशी पुढं चालायला लागली. बायकांचं बायकांपाशी, म्हणून मी बांधाकडं बघत राहिलो.

आता जीपच्या पुढ्यात उकिडवा बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. चाकांच्या कडेनं गवत उगवून वाळून गेलेलं. मागच्या टायरला टेकून कोंबडीनं खळगा करून अंडी घातलेली. डिझेलनं तेल पातळ होईपर्यंत चाललेली गाडी, आणि तिच्या चाकाखाली कोंबडी उबवायला बसलेली.

"दिगू कुठं हाय?" मी विचारलं.

"गेल्यात... म्हसवडला."

"म्हसवडवरनंच तर आलो आपण."

एवढ्यात आतून हाक आली. आवाज एका बाजूनं ओढलेला, पण जरब होती.

"कोण मुलाण्याचा का रं? आत ये आधी. इंजिन कुठं पळून चाललंय."

माजघरात बाजेवर तात्या पडले होते. उजवा हात गोधडीवर मेल्यासारखा. डावा मात्र बाजेच्या माच्यावर ताल धरल्यासारखा हलत होता. कोपऱ्यात त्यांची बायको, भामामावशी, जात्याशी बसली होती. मला बघून तिनं डोईवरचा पदर सारखा केला.

"दस्तगीर ना रं तू? तुझा बाप ह्या जीपची नोझलं काढायचा, तवा तू उघडानागडा ग्रीसच्या डब्यात हात घालून बसायचास. ग्रीस खायचास."

"आता न्हाई खात, तात्या."

"मग काय कळणार तुला इंजिनातलं." त्यांच्या अर्ध्या ओठानं हसायचा प्रयत्न केला. "दिवा विझत न्हाई म्हणत्यात. दिव्याचं खरं धरू नको. वायर कुठं घासली तरी त्यो पेटतो. आधी मीटर लाव."

"लावतो की."

"आन् आवाज आईक. वरनं टॅपेट वाजतंय, पर खालनं खडखड न्हाई अजून. बेरिंगं शाबूत असतील. लवकर बघ. इंजिन धरलं, जाम झालं, म्हंजे संपलं." मग जरा थांबून, मावशीकडं न बघता त्यांनी विचारलं, "दिगू कुठाय?"

"गेलाय की मोटरसायकलवर, सामान आणाया," मावशी म्हणाली आणि जात्याचा खुंटा धरला.

"बरं." तात्या माझ्याकडं वळले. "आमचा अबोला हाय. गणपतीपासनं. त्येला जीप मोडीत घालून नवी गाडी घ्यायची हुती. मी म्हणलं, माझ्या थोरल्या लेकीला मोडीत घालतोस व्हय रं? त्यो म्हणला, घिऊन बसा तुमच्या लेकीला. तवापासनं ह्या उंबऱ्याच्या आत आला न्हाई. सकाळी गाडी चालू करतो, जातो. सांजचं येतो, बंद करतो. आवाज तेवढा येतो त्येचा."

जातं सुरू झालं. मावशीनं गळा काढला. गळा चांगला होता. माझी आई दळायची तेव्हा असंच गायची, म्हणून मी दारात क्षणभर रेंगाळलो.

*जोंधळ्याचं पीठ पडं, जसं पडतं चांदणं*
*माझ्या गं बंधवाचं, आटपाडीला नांदणं*

*म्हसवडच्या नाथा तुझा, रथ निघाला गावात*
*माझ्या गं कंथाचं, बळ येऊ दे पावलात*

बाहेर येऊन मी दिव्याची वायर सोडली, तिच्या जागी माझं तेलाचा दाब दाखवणारं लांब नळीचं मीटर जोडलं आणि अलकाला चावी फिरवायला सांगितलं. तिनं ज्या सराईत हातानं चावी फिरवली ते मी बघितलं. गाडी धडधडली. काटा वर चढला. मग इंजिन तापत गेलं, तसा दमलेल्या माणसासारखा हळूहळू खाली बसला. जवळजवळ तळाशी. दिवा खरं बोलत होता.

"बंद करा."

इंजिन बंद झालं तसं आतलं जातंही थांबलं.

मी तिला खुणेनं गोठ्याच्या पलीकडं बोलावलं. "हे बघा वहिनी. ह्या गाडीचं तेल का पातळ झालं ते मला कळलंय. ही गाडी रोज चालू होती, लई वेळ जाग्यावर चालती, पण हलत न्हाई. उभ्या उभ्या थंड इंजिनात डिझेल नीट जळत न्हाई, ते खाली तेलात उतरतं. तेल पातळ झालं की प्रेशर धरत न्हाई. असंच चाललं तर इंजिन धरंल. दिगूला बोलवा. त्याला चार शब्द सांगतो मी."

"दिगू न्हाईत," ती म्हणाली.

"म्हसवडला गेलेत म्हणून सांगितलंत ना."

"न्हाईत म्हंजे न्हाईतच, भाऊ."

गोठ्यात म्हशीनं शेपूट हलवलं. अलकानं पदराचं टोक मुठीत गोळा केलं आणि जमिनीकडं बघत सगळं सांगून टाकलं. दिवाळीच्या तोंडावर दिगू नवी गाडी बघायला दोस्ताच्या मागं मोटरसायकलवर बसून कऱ्हाडकडं गेला. वाटेत ट्रक आडवा आला. दोस्त वाचला. तिच्या भावानं प्रेत तिकडंच ताब्यात घेतलं, दहनही तिच्या माहेरी झालं. तात्यांना तेव्हा नुकताच दुसरा झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका.

"सासूबाई म्हणल्या, बाप-लेक बोलतच नव्हते, तर बापाला काय कळतंय. गाडीचा आवाज तेवढा कमी पडाया नको. सगळ्या वस्तीला हातापाया पडून सांगितलं. कुणी बोललं न्हाई. शेजारच्या आण्णांनी मला चावी फिरवाया शिकवलं, तेवढंच येतं. सकाळी चालू करते. रेस देते. मग हळूहळू पाय काढून बंद करते, लांब गेल्यावाणी. तेवढ्यात त्या आत जातं फिरवत्यात, गात्यात. म्हंजे गाडी गेली का थांबली ते त्येंला उमगू न्हाई म्हणून. सांजचं पुन्हा तसंच."

"आणि टिकली?"

"त्येंच्यासमोर जायाचं तर लावाया नको? ताट मीच देते त्येंला." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "भाऊ, उद्या सकाळी आवाज आला पायजे. नायतर त्ये इचारतील. इचारलं तर सासूबाईंच्या तोंडनं खोटं निघायचं न्हाई आता. दमल्यात त्या. सासऱ्यांचं काळीज बसंल, आन् त्येंच्या मागं सासूबाईंचंबी."

मी 'बरं' म्हणालो.

कोंबडीला अंड्यांसकट सुपात उचलून ठेवलं. गाडी विटांवर घेतली आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला. काळं पाणी पडावं तसं तेल घमेल्यात पडलं. चेंबर उतरवला, तर तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडची जाळी काजळीच्या चिखलानं लिंपून गेलेली. एक तर तेल पातळ, त्यात तोंडावर बोळा. इंजिन बिचारं ओढणार काय आणि वर चढवणार काय. एक बेरिंगची टोपी उघडून बघितली. आत अजून चकाकी होती. तात्यांनी बाजेवरून कानानं सांगितलेलं बरोबर निघालं. डिझेल फवारणारी नोझलं काढली, त्यातलं एक थेंब थेंब गळत होतं, ते बदललं. जाळी डिझेलात धुऊन, ब्रशनं घासून, फुंकर मारून स्वच्छ केली. नवा फिल्टर बसवला. घट्ट, मधासारखं नवं तेल भरलं. अलका पाने हातात देत होती. आतून जातं अधूनमधून चालू होतं, काही झालंच नाही, असं जणू मलाही कुणी गाऊन सांगत होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडी चालू केली. काटा चढला आणि इंजिन तापल्यावरही मधल्या घरात बसून राहिला. टॅपेटचा आवाज मिटला. अलकानं हात जोडले, मला की गाडीला, कळलं नाही.

"मुलाण्या," आतून हाक आली. "हात धुऊन हिकडं ये. आन् तुम्ही दोघी त्येला च्या करा. दूध ताजं काढा."

मावशी चरवी घेऊन गोठ्याकडं गेली. अलका तिच्यामागं चुलीसाठी काटक्या आणायला. मी बाजेशी बसलो. तात्या छताकडं बघत होते.

"काय निघालं?"

"तेल पातळ झालं हुतं. जाळी तुंबली हुती. केलं सगळं."

"पातळ का झालं?"

मी दाराकडं बघितलं.

"सांग की. मी डायवर हाय. उभ्या उभ्या चालवली का पातळ हुतं. खरं का न्हाई?"

बाहेर चरवीत धारा वाजत होत्या. तात्या आवाज आणखी खाली आणत म्हणाले, "गिअर पडला का इंजिनाचा सूर बसतो. मग क्लच सुटला का उचलतो. जल्मभर आईकलंय मी ते. दिवाळीपासनं ह्या गाडीत येकदाबी गिअर पडला न्हाई."

"तात्या..."

"तरीबी मी म्हणलं असतं, दुसरं कायतरी असंल. मित्राच्या गाडीवर जात असंल, रागानं. पर ही भामी दळती ना. पंचवीस वर्सं मी हिच्या ओव्या आईकतोय. देवाचं नाव घ्यायची, भावाचं घ्यायची, माझं घ्यायची, आन् शेवटाला दिगूचं. दिगूबिगर दळण सरायचं न्हाई हिचं. तवापासनं दळण सरतंय, पर दिगू येत न्हाई ओवीत. कुठली आई जित्या लेकाचं नाव जात्यावर टाळती?"

मला माझेच दोन्ही हात कुठं ठेवावेत कळेना. नखांत तेल होतं.

"मग तुम्ही त्यांना सांगत का न्हाई, मला ठाऊक हाय म्हणून?"

"सांगून?" त्यांचा डावा हात माच्यावर थांबला. "पहाटं उठायला त्या दोघींना तेवढं येक काम हाय. मला फसवायचं. त्येच्यासाठी उठत्यात, तोंड धुत्यात, पोरगी टिकली लावती. मी सांगितलं तर उद्या कशाला उठतील? म्हणून टॅपेट वाजलं आन् माझाच जीव खालीवर झाला. म्हणलं, इंजिन धरलं तर ह्या बसल्या अंथरुणाला. म्हणून तुला बोलावलं."

धारा थांबल्या. मावशीनं म्हशीला दावं आवरताना काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. तात्यांनी माझं मनगट पकडलं. त्या एका हातात अजून स्टिअरिंगचं बळ होतं.

"येक काम कर. आता ट्रायल घ्यायची म्हण. दोघींनाबी घिऊन जा. खिंडीच्या पल्याड, लांब."

"आणि तुम्ही एकटे?"

"येकलंच ऱ्हायचं हाय. मला मोठ्यानं रडायचं हाय, पोरा. ह्या घरात आवाज दाबून दाबून छाती दुखाया लागलीया. लेक गेला माझा, अबोल्यात गेला, आन् मी त्येच्यासाठी येकदाबी तोंड उघडलं न्हाई."

चहा आला. तात्यांनी बशीतनं घोट घेतला आणि नेहमीच्या जरबेनं म्हणाले, "मुलाणी ट्रायल घ्याया निघालाय. तुम्ही दोघी जावा संगं. वजन पडल्याबिगर इंजिनाचं खरं कळत न्हाई."

"आवं, तुम्हास्नी येकटं टाकून?" मावशी म्हणाली.

"मी काय उठून सासुरवाडीला चाललोय? जा म्हणतो तर. वाऱ्याला बस जरा. किती दीस झालं वस्तीभायेर पाऊल न्हाई तुझं."

मावशीनं त्यांच्या उशाला तांब्या ठेवला, गोधडी पायांवर ओढली, आणि मागं बघत बघत बाहेर आली.

मी लांब नळीचं मीटर तसंच काचेशी टेकवून ठेवलं. पहिला गिअर टाकला. वाळलेल्या गवतातनं चाकं सुटली. क्लच सोडताना इंजिनाचा सूर बसला आणि उचलला, आणि मला वाटलं, आत कुणीतरी हा सूर ऐकून डोळे मिटले असतील.

वस्ती मागं पडली. माळ लागला. दोघी मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी आरशात बघायचं टाळत होतो. खिंडीचा चढ गाडीनं दम न टाकता चढला, काटा जाग्यावर. खिंड ओलांडली, पलीकडचं रान उघडलं. नेपतीची झुडपं, उघडे डोंगर, लांब कुठंतरी मेंढ्यांचा वाडा.

"लेकरा," मागून मावशी म्हणाली, "हितनं त्येंला ऐकू जातंय का?"

"काय, मावशी?"

"कायबी. माणसाचा आवाज."

"न्हाई. मधी डोंगर हाय."

"मग थांबीव."

मी कडेला गाडी घेतली. मावशी उतरली, आधाराशिवाय चालत एका दगडापर्यंत गेली, बसली. पदर सावरला, दळायला बसताना सावरते तसा. हात मात्र मोकळे होते, खुंटा नव्हता. तिचा पहिला सूर निघाला तो ओवीचाच, पण मध्येच फाटला आणि हेल झाला.

*दिगू माझ्या लेकरा रं, कुण्या वाटंनं गेलास*
*मायेच्या वसरीला, जोडा काढून ठेवलास*

*बाळा तुझ्या चाहुलीला, कान माझा उंबऱ्याशी*
*सांग तुझ्या बापाला मी, बोलू कुण्या तोंडानिशी*

एकामागून एक ओव्या येत गेल्या. जन्माची, पाळण्याची, पहिल्या मिशीची, चावी हातात घेतली त्या दिवसाची. प्रत्येकीत दिगूचं नाव. इतके महिने अडवून धरलेलं नाव बांध फुटल्यासारखं माळावर पसरत होतं. अलका जरा वेळ पाठमोरी उभी राहिली. मग तिनं कपाळावरची टिकली काढली, बोटावर घेऊन बघितली, आणि मावशीच्या मांडीत डोकं खुपसलं. तिच्याजवळ ओव्या नव्हत्या. ती नुसती ओरडली.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. गाडी चालूच ठेवली. त्यांना सांगावं का, की पलीकडं, डोंगराच्या त्या अंगाला, एक माणूस आत्ता ह्याच नावानं ओरडतोय? तोंडात शब्द आले होते. पण ते माझे नव्हते. त्या तिघांनी एकमेकांसाठी जे उभं केलं होतं त्याला पाना लावायचा अधिकार कुणी मला दिला नव्हता. आज इतक्या वर्षांनी तात्याही नाहीत, मावशीही नाही, तेव्हा सांगतोय.

बऱ्याच वेळानं मावशी शांत झाली. तिनं तोंड पदरानं कोरडं केलं, अलकाचे केस सारखे केले. सुनेच्या पदराच्या गाठीतनं पाकीट काढून तिच्या कपाळाला नवी टिकली स्वतःच्या हातानं लावली. बोट जरा वेळ तिथंच दाबून धरलं.

"चल, लेकरा," ती उठत मला म्हणाली. "घरात येकलं हाईत ते. किती येळ झाला. पाणी लागलं तरी कोण देणार त्येंला?"

मी मीटरकडं बघितलं. काटा मधल्या घरात, दगडासारखा स्थिर. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला तर भाजत होतं.

"अजून इंजिन तापलं न्हाई, मावशी," मी म्हणालो. "तापल्याशिवाय खरं प्रेशर कळत न्हाई. बसा अजून जरा."

ती परत दगडावर बसली.